आण्णांच्या अंगाची बंदूक

आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, बंदुकीच्या परवान्यावर माझं नाव चढलं त्यानंतरची गोष्ट. बंदूक एकदा नीट तपासून घ्यावी म्हणून बंदूक दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या मिस्त्रींनी बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा मागचा दांडा, काढला, मॅगझिन काढलं, नळी उजेडाकडं धरून आरपार बघितलं, मग बोल्ट परत घालून रिकामी बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, समोरच्या भिंतीवर ते कॅलेंडर आहे ना, त्यातल्या एका तारखेवर नेम धरा. मी धरला. ते बाजूला उभे राहून माझ्याकडं बघत होते, कॅलेंडरकडं नाही. मी मान पुढं काढली, मग खांदा मागं घेतला, मग बोट चापापर्यंत पोचावं म्हणून कोपर आत ओढलं, तरी डोळ्यापुढं माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, येईना, आली की गाल लाकडावरून सुटायचा. हे सगळं काही सेकंदांतच झालं असेल पण मला ते फार लांबलं. मग ते शांतपणे म्हणाले, "ताई, ही बंदूक आण्णांच्या अंगाची आहे. तुमच्या अंगाला ती लागतच नाही."

ते वाक्य डोक्यातून जाईना.

म्हणजे त्यात अपमान वगैरे काही नव्हता, खरं तेच ते बोलले होते. पण मी ती बंदूक नावावर करून घेण्यासाठी किती खेटे घातले होते ते माझं मला माहिती. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली की ती वारसाच्या नावावर करता येते, असा नियम आहे, आणि आण्णा दोन्हीत बसत होते. भाऊ पुण्यात, त्याला शेताचंच काही पडलेलं नाही तर बंदुकीचं काय, तो म्हणाला सरळ जमा करून टाका. आण्णा काहीच बोलले नाहीत. आण्णा बोलले नाहीत की त्याचा अर्थ काय असतो हे घरात फक्त मला कळतं, म्हणून मी म्हणलं, माझ्या नावावर करा. शेत मीच बघते, रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला मीच जाते, मग बंदूक पण माझीच असू दे. मग तो फॉर्म, तो पोलीस रिपोर्ट, ते सुरक्षेचं ट्रेनिंग, सगळं केलं. आणि एवढं करून कागदावर माझी झालेली वस्तू खांद्याला लावल्यावर मला ओळखत नाही, हे मला लागलं. घरी येऊन मी आण्णांना सांगितलं नाही.

आमचं शेत सोलापूरजवळ नान्नजच्या बाजूला आहे, बार्शी रोडनं गेलं की माळरान सुरू होतं तिथं. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, १९७९ सालचं. माळढोक आता दिसणं म्हणजे नशीबच लागतं, पण काळविटं भरपूर, कळपच्या कळप ज्वारीत उतरतात, कोवळी ज्वारी तर त्यांना फारच आवडते. आणि रात्री रानडुकरं. आण्णांना पीक संरक्षणाचा परवाना मिळाला तो याच कारणानं, पण खरं सांगायचं तर आमच्या रानात राखण केली ती गोफणीनं आणि पत्र्याच्या डब्यांनी. काळविटाला हात लावायचा नाही हे आण्णांचं कायद्याच्या आधीपासूनचं होतं, ते म्हणायचे, ते रान त्यांचं पण आहे की. डुकरांसाठी वनखात्याची परवानगी लागते, ती निघेपर्यंत हुरडा संपलेला असतो. त्यामुळं बंदूक बहुतेक वेळ कपाटात, निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा, आणि मग निकाल लागला की परत आणायची. दर दिवाळीच्या आधी मात्र आण्णा ती काढून सतरंजीवर पसरायचे, जुनं धोतर फाडून चिंध्या करायचे, आणि आम्ही पोरं लांब बसून बघायचो. जवळ यायचं नाही ही ताकीद होती. तेलाचा तो वास, त्यात थोडा लोखंडाचा वास, आणि दस्त्यावर जिथं त्यांचा गाल टेकायचा तिथं लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं. घामानं झालं असणार. एवढ्या वर्षांत गोळ्या किती उडाल्या असतील, फारच थोड्या, पण तो डाग तेवढा पक्का पडला होता. आण्णा सहा फुटाच्या आसपास, आता पाठीत वाकलेत पण तेव्हा ताठ, हात लांबसडक. त्यांच्या हातात ती बंदूक छोटी दिसायची. माझ्या हातात ती एकदम मोठी झाली.

बंदूक ईशापूरची आहे, ३१५ बोअर. आपल्याकडं ज्याच्या घरी परवान्याची रायफल आहे त्याच्याकडं बहुतेक हीच असते. आतून ती ली-एनफिल्डच, तोच बोल्ट, तीच ओढायची पद्धत. जेम्स पॅरिस ली नावाच्या माणसानं तो बोल्ट बसवला आणि १८९५ पासून ब्रिटिश सैन्यानं ती रायफल घेतली, पुढं दोन्ही महायुद्धात तीच. ३१५ हे माप का, तर लष्कराची ३०३ ची गोळी साध्या माणसाच्या बंदुकीत बसू नये म्हणून. हे मला मिस्त्रींनी सांगितलं आणि मी तिथंच थोडा वेळ गप्प झाले. कारण आपण सोलापूरचे. १९३० च्या मे महिन्यात या गावात गोळीबार झाला, मग मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. चार हुतात्मा चौकातून मी आयुष्यभर जातीये, शाळेत असताना १२ जानेवारीला आम्हाला रांगेनं तिथं नेलेलं आठवतंय. त्या काळात गोऱ्या सैन्याच्या हातात होती ती याच घराण्यातली बंदूक. ती इथल्या लोकांवर रोखलेली, आणि तिचंच थोडं माप बदललेलं भावंड आमच्या कपाटात, ज्वारी राखायला. हे दोन्ही एकाच वेळी मनात धरताना मला अजून त्रास होतो. मी ती टाकून देणार नाही, पण हातात घेताना हे आठवतं, आणि आठवू दे असंच वाटतं.

अजून एक गोष्ट मिस्त्रींनी सांगितली ती मला फार आवडली. त्या लष्करी रायफलीचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे यायचे, नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि एक अजून आखूड, अगदी ठेंगण्या शिपायांसाठी. लाकडावर इंग्रजी अक्षराचा शिक्का असायचा, त्यावरून कळायचं. म्हणजे लाखो शिपाई एका साच्यातले म्हणून उभे करणाऱ्या सैन्याला पण कळलं होतं की हात सगळ्यांचे सारखे नसतात. दस्ता म्हणजे नुसती मूठ नाही. गोळी सुटते तेव्हा जो धक्का मागं येतो तो लाकडातून खांद्यात जातो, डोळा कुठं येणार ते लाकूड ठरवतं, बोट चापावर सरळ येणार का तिरकं तेही लाकूडच ठरवतं. नळी कितीही चांगली असू दे, लाकूड अंगाला बसलं नाही तर माणूस धक्क्याच्या भीतीनं आधीच डोळे मिटतो, आणि मग ती गोळी कुठं जाईल ते सांगता येत नाही. माळरानावर, जिथं पलीकडच्या बांधावर कुणीतरी राखणीला बसलेलं असतं, तिथं हे बारीक कारण नाही.

म्हणून नवा दस्ता बसवायचं ठरलं.

ठरलं म्हणजे मी ठरवलं, आणि मग घरात चर्चा. पुतण्या सुट्टीला आला होता, त्यानं मोबाईलवर काळ्या फायबरचे दस्ते दाखवायला सुरवात केली, गालाची पट्टी वरखाली होणारे, मागची लांबी कमीजास्त होणारे. आत्या, हा घे ना, लाकूड काय घेऊन बसलीस. तो नेमबाज स्वप्निल कुसळेचा मोठा फॅन आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ मिळालं तेव्हा हा घरात नाचला होता, खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी आपल्या महाराष्ट्राला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक आलं म्हणून मलाही भरून आलं होतं. ती पण बोल्टचीच रायफल, पण तिच्यात गाल, खांदा, हात, सगळ्याला वेगळे स्क्रू, गुडघ्यावर बसताना वेगळं, झोपून वेगळं, उभं राहून वेगळं. राधानगरी तालुक्यातलं पोरगं ते सगळं अंगाला बसवून घेतं आणि जगात तिसरं येतं. पुतण्याचं म्हणणं एवढंच होतं की असं असताना आपण अंदाजपंचे कशाला. आणि त्याचं एक म्हणणं मला पटतं पण, आपल्याकडच्या उन्हात फायबर हलत नाही. मे महिन्यात पारा ४३ वर जातो, लाकूड आकसतं, स्क्रू ढिले पडतात, पावसाळ्यात परत फुगतं. फायबरला यातलं काही नाही. तरीही मी लाकूडच घेतलं. एक तर आमच्या जुन्या बंदुकीला नीट बसेल असं फायबर इथं सरळ दुकानात मिळत नाही, आणि दुसरं, लाकूड तासून माझ्या मापाचं करता येतं, चूक झाली तर अजून थोडं तासता येतं, आणि पन्नास वर्षांनी अजून कुणाच्या मापाचं करता येईल.

आण्णांना शेवटी सांगावंच लागलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, तो काळा डाग, ते जुनं लाकूड. ते म्हणाले, "बांधावरची बाभूळ घे की. गाडीच्या चाकाला चालती, औताला चालती, बंदुकीला का नाही चालायची?" आणि हा वाद त्यांनी मिस्त्रींपर्यंत नेला, दुकानात जाऊन स्टुलावर बसून. मिस्त्री त्यांना मान देऊन बोलतात, आण्णा म्हणूनच हाक मारतात, पण बाभळीला ते तयार होईनात. बाभूळ चिवट आहे खरं, पण वजनाला जड, आणि वर्षानुवर्षं सावलीत वाळवली नाही तर पीळ खाते, आज सरळ बसवलेली दोन उन्हाळ्यात नळीला एका बाजूनं ढकलायला लागेल. सागवानाचं विचारलं तर म्हणाले ते दाराला. शिसवी देखणी पण जड. धक्का खायला अक्रोड, हलका आहे, फाटत नाही, एकदा वाळला की जागेवर राहतो. त्यांच्याकडं काश्मिरी अक्रोडाचा अर्धवट कोरलेला कच्चा दस्ता होता, बाहेरून ओबडधोबड, आतली खाच थोडी कमीच कोरलेली, म्हणजे बसवणाऱ्यानं आपल्या बंदुकीप्रमाणं तासून घ्यायची. त्यांनी तो उन्हात नेऊन आण्णांना दाखवला, मनगट येतं त्या अरुंद भागातून लाकडाची नस सरळ गेलीये का ते बोटानं दाखवलं. तिथं नस तिरकी गेली की दस्ता कधीतरी तिथंच मोडतो. आण्णांनी लाकूड नाकाला लावून वास घेतला, नखानं दाबून बघितलं आणि मान हलवली. बाभळीचा विषय नंतर निघाला नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण बरेच जण विचारतात की युट्यूबवर बघून घरीच का नाही केलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करायला पण परवाना लागतो, विकायला लागतो तसाच. ज्याच्याकडं तो आहे त्यानंच हात लावायचा. आणि मला यात काही जाचक वाटत नाही. मी स्टूल घेऊन त्यांच्या बाकाशेजारी बसायचे, शाळेतलं माझं काम संपलं की जायचे, आणि बघायचे. बघण्यात पण बरंच कळतं.

सगळ्यात आधी बंदूक उघडताना त्यांनी मला एक नियम सांगितला, तो असा की या घराण्यातल्या बंदुकीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, नळीखालचं पुढचं आणि खांद्याचं मागचं, आणि मागचा दस्ता एका लांबलचक, स्क्रूसारख्या बोल्टनं धरलेला असतो जो लाकडाच्या पोटातून जातो. मागची पट्टी काढली की खोल भोक दिसतं, तिथं हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घालून तो फिरवायचा. कुणालाही वाटेल की मागचा काढायचाय तर मागूनच सुरवात करावी. पण त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या बुडाशी अडकवलेलं असतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड न काढता बोल्ट पिळला की ते चौकोनी टोक आत फिरतं आणि लाकूड उभं चिरतं. म्हणून आधी पुढचं, मग मागचं. त्यांनी पुढचे स्क्रू काढले, लाकूड हळूच खाली ओढलं, जोर न लावता, आणि ते सुटल्यावर उलटं करून मला दिलं. आतली बाजू काळीकुट्ट. आण्णांनी दर दिवाळीला प्रेमानं घातलेलं तेल सगळं मुरत मुरत तिथं जाऊन बसलं होतं आणि लाकूड मऊ पडलं होतं, नखाची खूण उठत होती. मागच्या टोकाला, जिथं लोखंडाचा धक्का लाकूड अंगावर घेतं, तिथं केसाएवढी चीर. म्हणजे माप सोडा, दस्ता तसाही बदलावाच लागला असता. हे कळल्यावर माझ्या मनावरचं काहीतरी उतरलं, कारण तोपर्यंत मला आतून वाटत होतं की मी आण्णांचं काहीतरी खोडून काढतीये.

मिस्त्रींचे वडील इथल्याच एका मिलमध्ये सुतारखात्यात होते, मागाचे लाकडी भाग दुरुस्त करायचे, धोटे, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडं नेणारे लाकडी तुकडे, घासायचे. धोट्याला कुठं बारीक कूस राहिली तर प्रत्येक फेरीला सूत तुटणार, त्यामुळं हात फिरवून बघायची सवय त्यांना तिथं लागली आणि मुलाला घरात. मिल कधीच बंद पडली, पटाश्या मात्र त्यांच्याकडं अजून आहेत, मुठी झिजून बारीक झालेल्या. लाकूड बसवायची त्यांची पद्धत बघताना मला वेळेचं भान राहायचं नाही. एका वाटीत काजळ. खरंच काजळ, दिव्यावर धरलेलं, त्यात दोन थेंब तेल. ते लोखंडाच्या भागाला बोटानं अगदी पातळ लावायचे, मग तो भाग लाकडाच्या खाचेत सरळ दाबायचा आणि सरळच वर काढायचा. लाकडावर जिथं काळे ठिपके उठले तिथं लाकूड टेकतंय, म्हणजे तिथं उंच आहे. पटाशीनं तेवढंच खरवडायचं, कागदाएवढं. परत काजळ, परत दाबायचं, परत ठिपके. सुरवातीला एक-दोनच ठिपके उठतात, म्हणजे सगळं वजन त्या दोन जागांवर. हळूहळू ठिपके वाढत जातात, पसरतात, आणि शेवटी सगळी खाच एकसारखी करडी होते. मग थांबायचं. एक खरवडा जास्त झाला की तिथं पोकळी, आणि लाकूड परत लावता येत नाही. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी धक्का अंगावर घेणाऱ्या त्या मागच्या दोन टेकूंवर घातला, डावा आणि उजवा, दोन्हीवर धक्का सारखा आला पाहिजे, एकच बाजू टेकली तर ती बाजू काही गोळ्यांत चिरणार. जुन्या लाकडात नेमकं तेच झालं होतं. मी विचारलं किती वेळ लागतो हो याला. म्हणाले, "लाकूड जेवढा म्हणंल तेवढा."

नळीच्या खाचेचं मात्र उलटं, तिथं टेकायचं नाही. दहाची नोट नळी आणि लाकडाच्या मधून सरकवून बघत होते, कुठं अडते का. गोळी सुटताना नळी थरथरते, गरम होते, लाकूड एका बाजूनं टेकत असलं तर पहिली गोळी एकीकडं आणि पाचवी दुसरीकडं.

मग माप. इथं मी चुळबुळत होते कारण मला वाटत होतं टेप लावून होईल. पूर्वीपासून एक पद्धत आहे, दस्ता कोपराच्या खळगीत टेकवायचा आणि बोट चापापर्यंत पोचतं का बघायचं, आण्णा तीच सांगत होते. मिस्त्रींना ती मान्य नाही. ते म्हणतात माणूस कोपरानं नेम धरतो का? मान लांब असते, खांदे उतरते असतात, छाती असते, बाईचं शरीर वेगळं आहे हे सरळ धरून चालायचं. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला एकदम मोकळं वाटलं. मला म्हणाले, नेहमी रानात जे घालता ते घालून या, ओढणी बांधता तशीच बांधा. तसं गेले. रिकामी बंदूक, बोल्ट बाहेर काढून ठेवलेला. "डोळे मिटा. खांद्याला लावा. गाल टेकवा, आरामात, शोधू नका. आता डोळे उघडा." उघडले की जे दिसतं ते खरं. पहिल्यांदा मला नेमाच्या मागच्या खाचेचं नुसतं लोखंड दिसलं, माशी कुठंच नाही. त्यांनी मागून लाकूड कापलं, थोडंच. परत डोळे मिटा. आता माशी दिसली पण उजवीकडं. गालाच्या जागेवरून रंधा फिरवला, लाकडाची पातळ गोल साल खाली पडली, हात फिरवला, परत डोळे मिटा. असं चाललं. मधे चहा झाला. शेवटी एकदा डोळे उघडले आणि माशी खाचेच्या बरोब्बर मध्ये उभी होती, मी काहीच न करता. मान कुठं ओढलेली नाही, खांदा कुठं चोरलेला नाही.

मी बंदूक खाली घेतली आणि काही बोलले नाही, ते पण बोलले नाहीत, त्यांनी पेन्सिलनं लाकडावर खूण केली.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारी माणसं आपण सगळ्यांनी बघितलीयत. पांढरी बाराबंदी, कमरेला तो एवढा उंच काठीचा भार, आणि तरी माणूस चालतो तो वजनाखाली दबल्यासारखा नाही. लहानपणी मला वाटायचं ती ताकद. आता वाटतं वजन अंगाच्या नेमक्या जागी आलं की ताकद फार लागत नाही, आणि नेमकी जागा प्रत्येकाची वेगळी असते, ती दुसऱ्याकडून उसनी मिळत नाही. बंदुकीचं वजन काही कमी झालं नव्हतं, उलट अक्रोड आणि मागं खांद्याशी लावलेलं रबर धरून जवळपास तेवढंच होतं. पण दोन हातांच्या मध्ये ते असं वाटलं गेलं की मला ते वाटेनासं झालं.

शेवटचं काम तेलाचं, आणि ते मिस्त्रींनी सुटं लाकूड देऊन घरी करायला सांगितलं. उकळलेलं जवसाचं तेल, आपण चटणी करतो त्याच जवसाचं. तळहातावर थेंबभर घ्यायचं आणि चोळायचं, लाकूड गरम लागेपर्यंत, मग जास्तीचं पुसून घ्यायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं, मगच पुढचा हात. घाई केली तर वर चिकट थर बसतो आणि धूळ ओढतो. एक ताकीद त्यांनी दोनदा दिली, तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापतं, चुरगळलेल्या चिंधीत ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. एकेक चिंधी सुटी पसरून दोरीवर वाळवायची नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे विसरून चालणारच नाही. मी पहिला हात दिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ओट्यावर आण्णा बसलेले, मांडीवर दस्ता, आणि तळहातानं चोळत होते. त्यांच्या हाताला कापरा आहे आता, चहाचा कप धरला की कळतं, पण चोळताना तो दिसत नव्हता. मी म्हणलं, आण्णा, मी करते. म्हणाले, "तू अंगठ्याच्या मागं नीट घासलं नाहीस. तिथंच घाम लागतो." मग ते काम त्यांच्याकडंच राहिलं. लाकडाचा रंग रोज थोडा खाली उतरत गेला, आधी गव्हाळ, मग गुळासारखा होत होत तपकिरी, आणि आत ज्या काळपट रेघा झोपलेल्या होत्या त्या वर आल्या.

जुन्या दस्त्याचं काय करायचं यावर आमचं एकमत झालेलं नाही. मला तो ठेवायचाय, गालाच्या डागासकट. आण्णा म्हणतात तेल पिऊन मऊ झालेलं लाकूड कशाला सांभाळायचं, चुलीत घाल, चांगलं जळंल. सध्या तो माळ्यावर आहे.

रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आले. पहिल्या गोळीला मी डोळे मिटले नाहीत, हे मला स्वतःलाच समजलं आणि आनंद झाला. धक्का आला, पण तो सरळ आला, खांद्याच्या मांसात, हाडावर नाही, संध्याकाळी तिथं हिरवंनिळं काही उमटलं नव्हतं. गोळ्या एका जागी पडल्या, थोड्या डावीकडं, पण एका जागी, आणि मिस्त्री म्हणाले तेच महत्त्वाचं, डावीकडं पडत असल्या तर माशी सरकवता येते, विखुरलेल्या गोळ्यांना काही करता येत नाही. झाडून झाल्यावर त्यांनी स्क्रू परत आवळले, दोन-तीन अर्ध्या फेऱ्याएवढे सैल झाले होते, नवं लाकूड पहिल्या धक्क्यांनी दबतं त्यामुळं होतं म्हणे तसं. आता पाऊस संपला की परत एकदा सगळं उघडून काजळ लावून बघायचंय, ते दोन टेकू अजून सारखे बसतायत का ते. तोवर ज्वारीच्या पेरणीची गडबड असेल, तरी मी तारीख ठरवून घेतलीये. आण्णा पण येणार म्हणालेत, त्यांना डावा टेकू बघायचाय.